साडभाऊंचा हातगुण आणि माझा एक्स-रे

आमच्या मेहकरात आजवर एकाच नारळाचा एक्स-रे काढला गेलेला आहे, आणि त्या एक्स-रेवर नाव माझं आहे.

तसा मी बी.एस्सी. आहे. (हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.) बसस्टँडकडे जाताना माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान लागतं. खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे विकता विकता माझं पोट पुढे आणि केस मागे गेले. आता टाळूवर मधोमध एक झुबका तेवढा उरलाय. तो मी रोज मन लावून विंचरतो. एकूण माझं बरं चाललंय. म्हणजे चाललं असतं, जर मला प्रल्हादराव नावाचे साडभाऊ नसते.

माझी बायको सुनंदा. तिची धाकटी बहीण मंदा. मंदाचे यजमान हे प्रल्हादराव. जळगाव जामोदला राहतात, केळी आणि भाजीपाला करतात. माणूस सज्जन. इतका सज्जन की बघवत नाही! वाईट असते तर मी त्यांना आनंदानं नावं ठेवली असती. पण ते मला दर वर्षी स्वतः केळीचे घड पाठवतात, आणि मी ती केळी चिडून चिडून खातो. वर डोक्यावर हे एवढे काळेभोर केस! आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यांना हातगुण आहे.

हातगुण! आमच्या सासुरवाडीला, म्हणजे देऊळघाटला, या शब्दापुढे माझी पदवी फिकी पडते. प्रल्हादरावांनी चिरलेलं टरबूज लालभडक निघतं. त्यांनी विरजलेलं दही चाकूनं कापावं लागतं. बंद पडलेल्या मोटरीवर त्यांनी नुसता हात ठेवला की ती सुरू होते. (मी हात ठेवला तेव्हा मला शॉक बसला.) सासऱ्यांची म्हैस, जी मला बघितलं की शिंगं खाली घालते, ती त्यांच्यापुढे मान लांब करून उभी राहते, की घ्या, खाजवा!

आणि नारळ! नारळाचं तर विचारूच नका.

सासुरवाडीत मी पहिला नारळ फोडला तो नव्या ट्रॅक्टरपुढे. आतून असा वास सुटला की पुजाऱ्यानं मंत्र अर्ध्यात सोडून नाकाला उपरणं लावलं. दुसरा फोडला स्वयंपाकघराच्या चौकटीला. तो खडखडीत कोरडा. आत खोबरं नव्हतं, कोळसा होता. तिसरा गणपती विसर्जनाचा. तो आधी फुटलाच नाही. हातातून निसटून सासऱ्यांच्या अंगठ्यावर आपटला, आणि तिथं फुटला. तोही सडका!

प्रल्हादराव नारळ फोडतात तेव्हा एकाच टोल्यात दोन सारख्या वाट्या होतात, खोबरं पांढरंशुभ्र, पाणी गोड. आणि ते पाणी स्वतः न पिता तांब्यात धरून आधी माझ्याकडे येतात. "घ्या भाऊ, तुमी मोठे." मी पितो. खरंच गोड असतं. तेच तर सहन होत नाही!

यंदा पेरणीच्या तोंडावर सासऱ्यांचा फोन आला. मी त्यांना मामाजी म्हणतो.

"जवाईबुवा, विहिरीवर सोलर पंप बसला बरं. सोमवारी पूजा ठेवली. या दोघंबी."

"येतो ना मामाजी! नारळ मीच फोडतो."

पलीकडून फक्त म्हैस ओरडल्याचा आवाज आला.

"असं करा," मामाजी जरा खाकरून म्हणाले, "नारळ दोघं जवाई फोडा. एक तुमी आना, एक प्रल्हादराव आनतीन. ज्याचा नारळ चांगला निघीन, यंदा मूठ त्याच्या हातची."

मूठ! आमच्याकडे पेरणीच्या दिवशी बियाण्याची पहिली मूठ ज्याच्या हातानं पडते, त्याचा मान मोठा. घरातला मोठा जावई म्हणून लग्नानंतर पहिल्या वर्षी ती मीच धरली होती. त्या वर्षी शेतात सोयाबीन कमी आणि गवत जास्त उगवलं. (बियाणं कंपनीचं, शेत मामाजींचं, गवत देवाचं, दोष मात्र माझ्या मुठीचा!) पुढच्या वर्षी मंदाचं लग्न झालं आणि मूठ जी प्रल्हादरावांकडे गेली ती गेलीच.

सुनंदानं फोन ऐकला होता. कणीक मळता मळता ती म्हणाली, "अजी, यंदा नारळ नीट पाहून घेजा. मंदी काही बोलत नाही, पन हसते ना ते माह्या काळजाले लागते."

"यंदा बघच तू."

"मागच्या टाइमालेबी असंच म्हनलं होतं. बाबाचा अंगठा अजून वाकडा हाय."

मी तडक बबनशेठच्या किराणा दुकानात गेलो आणि नारळाच्या ढिगापुढे उकिडवा बसलो. एकेक नारळ घ्यायचो, टिचकी मारायचो, कानाशी नेऊन हलवायचो, परत ठेवायचो. दुकानातलं गिऱ्हाईक माल सोडून माझ्याकडेच बघायला लागलं.

"नारळ घेता का फोन लावता त्याले?" बबनशेठनं विचारलं.

"चांगला पाहिजे, शेठ. आतून चांगला."

"हा घ्या. सगळ्यात जड हाय."

मी हलवला. "यात पाणी वाजत नाही."

"भरगच्च हाय म्हनून वाजत नाही."

"मग हा दुसरा? यात पाणी वाजतं."

"तो बी चांगला. पानी हाय म्हनून वाजते."

आता यावर माणसानं काय करावं! मी तो जड, न वाजणारा नारळ घेतला. घेतला आणि दुकानाच्या पायरीवरच मनात किडा वळवळला. का वाजत नाही? आत काय आहे? घरी येऊन मी तो नारळ पाण्यात टाकून बघितला, उन्हात धरून बघितला, रात्रीच्या जेवणात पुढ्यात ठेवून बघितला. फोडल्याशिवाय कळायचं नाही आणि फोडला तर पूजेला चालायचा नाही. विज्ञान शिकलेला माणूस मी! माणसाच्या पोटातली पथरी बाहेरून दिसते, आणि नारळाच्या पोटातलं खोबरं दिसत नाही?

इथं मला सुभाष आठवला.

सुभाष माझा वर्गमित्र. एका हाडाच्या दवाखान्यात एक्स-रे काढतो. डॉक्टर जेवायला घरी गेले की त्या खोलीत त्याचंच राज्य. मी दुपारी पिशवी छातीशी धरून हजर.

"काय झालं बे? हात मोडला का पाय?"

"मला काही नाही. पेशंट पिशवीत आहे."

सुभाषनं पिशवीत डोकावून बघितलं. मग माझ्याकडे. मग परत पिशवीत.

"भास्कऱ्या, तू घरी सांगून आला ना?"

मी त्याला ट्रॅक्टरपासून अंगठ्यापर्यंत सगळं सांगितलं. साडभाऊंचं नाव निघताच त्याचा चेहरा मऊ पडला. (सुभाषलाही साडभाऊ आहेत. त्यांच्याकडे चारचाकी आहे.) "चाल," तो म्हणाला, "ठेव त्याले टेबलावर."

नारळ टेबलावर ठेवला तर घरंगळायला लागला. सुभाषनं सवयीनं दरडावलं, "हालू नका! श्वास रोखून धरा!" श्वास मी रोखला. मग दोन्ही बाजूंनी कापसाची उशी लावून नारळ उभा केला, शेंडी मागे सारून वर, डोळे पुढे कललेले. सुभाष काचेमागे गेला आणि लगेच परत आला.

"हे मशीन नावाबिगर चालत नाही. पेशंटचं नाव काय टाकू?"

"नारळ टाक."

"आडनाव मागते ना बे! वय मागते, पुरुष का स्त्री मागते."

"नारळाला कुठलं आडनाव?"

"मंग तुहंच टाकतो. तुहा झुबका आन् याची शेंडी सारखीच हाय."

खट् आवाज झाला. कॉम्प्युटरवर चित्र उमटलं आणि आम्ही दोघं पुढे वाकलो. बाहेर करवंटीची पांढरी गोल कड. वर शेंडीची धूसर सावली. समोर नारळाचे ते तीन डोळे, दोन डोळ्यांसारखे आणि एक आ वासलेल्या तोंडासारखा. आणि मधोमध, जिथं पाणी असायला हवं तिथं, एक मोठा गोळा!

"हे काय आहे रे?"

सुभाषनं हनुवटी खाजवली. "हाड असतं तं सांगतलं असतं. पन गोळा हाय. चांगला पेरूएवढा."

"म्हणजे सडलाय?"

"मानसात असं दिसलं तं आमचे सायेब लगेच संभाजीनगरले पाठोतात."

झालं! माझ्या हातगुणाचा आता फोटोच निघाला होता. दुसरा कोणी असता तर त्यानं नारळ उकिरड्यावर टाकून दुसरा घेतला असता. मीही तसाच विचार करत दवाखान्याच्या बाहेर आलो. पण रस्ता ओलांडता ओलांडता माझ्या मनात असा काही विचार आला की एक रिक्षावाला माझ्यावर ओरडून गेला तरी मी हसतच होतो.

हा नारळ टाकायचा कशाला? हा प्रल्हादरावांना द्यायचा! आणि त्यांचा, जो चांगला निघणार हे अख्ख्या देऊळघाटला पाठ आहे, तो आपण घ्यायचा. गुपचूप अदलाबदल! एकदा, फक्त एकदा, सगळ्यांदेखत प्रल्हादरावांच्या हातून घाण वास सुटू दे. मग मी तांब्या घेऊन पुढे होईन आणि म्हणेन, "घ्या प्रल्हादराव, तुम्ही लहान." हे वाक्य मी घरी आरशापुढे म्हणून बघितलं. छान वाटलं.

प्रश्न राहिला सुभाषनं छापून दिलेल्या एक्स-रेच्या फिल्मचा. घरी ठेवली तर सुनंदाच्या हाती लागेल, म्हणून मी ती प्रवासाच्या पिशवीत, माझ्या कपड्यांच्या तळाशी लपवली. (बायकोपासून वस्तू लपवण्यासाठी बायको जी पिशवी भरते आणि उघडते तीच निवडणारा माझ्यासारखा दुसरा बी.एस्सी. तुम्हाला सापडायचा नाही.)

सोमवारी सकाळी एसटीनं बुलढाणा आणि तिथून काळीपिवळी जीपनं देऊळघाट गाठलं. प्रल्हादराव आधीच आलेले. "या भाऊ!" म्हणून त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, पायांवर पाणी घातलं. मला त्यांचा इतका राग आला!

देवघरापुढच्या ताटात दोन्ही नारळ मांडले होते. ओळखू यावा म्हणून मंदानं आपल्या नवऱ्याच्या नारळाच्या शेंडीला लाल दोरा बांधला होता. माझा तसाच मोकळा. म्हणजे काम किती सोपं! सगळे चहात गुंतल्यावर मी देवघरात शिरलो, दोरा सोडला आणि माझ्या नारळाला गुंडाळायला लागलो. दोन वेढे झाले असतील नसतील, मागून आवाज.

"भाऊ, काय करून राह्यले?"

प्रल्हादराव! मी तसाच दोन्ही हात जोडून ताटापुढे आडवा झालो. "नमस्कार करतोय."

"वा! मीबी करतो." आणि ते माझ्या शेजारी आडवे झाले. दोन जावई दोन नारळांसमोर लोटांगण घालून पडलेले! ते डोळे मिटून पुटपुटत होते तेवढ्यात मी दोऱ्याची गाठ मारली.

इकडे आतल्या खोलीत त्याच वेळी काय झालं ते मला फार नंतर कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे बावळट मी एकटाच राहीन. सुनंदानं माझा टॉवेल काढायला पिशवीत हात घातला आणि तिच्या हाताला फिल्म लागली. तिनं ती खिडकीशी धरली.

"मंदे! माय वं! यायच्या डोक्याचा फोटो!"

"भाऊजीच्याच डोक्याचा कायवरून?" मंदानं विचारलं.

"नाव हाय ना वर! वय हाय! आन् हे पाह्य केस. असे केस दुसऱ्या कोनाचे असतीन वं?"

तेवढ्यात माझ्या सासूबाई, मामीजी, आल्या. त्यांनी चष्मा लावून बघितलं. "हे दोन डोळे, हे तोंड. हाव, जवाईच हायत. पन हे मधात काय हाय गोल गोल?"

सुनंदा मटकन खालीच बसली. "गोळा हाय माय! डोक्यात गोळा! म्हनूनच दोन दिवस झाले आरशापुढे एकटेच बोलत व्हते. कालपासून हसतेत बी!"

(मला वाईट वाटतं ते एवढंच, की इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोनं मला नारळावरून ओळखलं, आणि त्या खोलीत एकीलाही शंका आली नाही.)

तिघींनी डोळे पुसले आणि ठरवलं, की त्यायनं आपल्यापासून लपवलं, तं आपनबी दाखवाचं नाही. पूजा होऊ द्याची. मामीजींनी मामाजींच्या कानात सांगितलं, मंदानं प्रल्हादरावांच्या.

मी अंगणात आलो तर जगच बदललेलं! मामाजी, जे माझ्यासाठी बाजेवरून कधी पायसुद्धा आखडत नसत, ते उठून उभे राहिले. "बसा जवाईबुवा. आडवे व्हा जरासेक." मामीजींनी चहा आणला, त्यावर बोटभर साय. मंदानं मला वारा घातला. मंदानं! प्रल्हादराव तर माझ्या पायाशीच बसले आणि पोटऱ्या दाबायला लागले.

"अहो, हे काय प्रल्हादराव?"

"असू द्या भाऊ. तुमची सेवा कधी घडलीच नाही आपल्या हातून." आणि त्यांचे डोळे भरून आले.

मला वाटलं, आला! दिवस आला! शेवटी या घराला माझी किंमत कळली. दोऱ्याचा गुण बघा, नुसता बांधला तर एवढा फरक! मी दुसरा चहा मागितला. आला. तिसरा मागितला. तोही आला! विहिरीकडे निघालो तेव्हा प्रल्हादराव माझ्या डोक्यावर छत्री धरून चालत होते आणि मला पायाखालची ढेकळं दाखवत होते. "जपून भाऊ. डोकं नका हलवू."

विहिरीपाशी शेजारपाजारची मंडळी जमली होती. सोलरच्या काळ्या पाट्यांना हार घातलेले. पूजा झाली. मामाजींनी माझा हात हातात घेतला आणि सगळ्यांदेखत, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "जवाईबुवा, मूठ यंदा तुमच्याच हातची. नारळ-बिरळ कोनाचा कसा निघते ते काही पाहाचं नाही. तुमी मोठे. तुमीच धराची."

बघा! मिळालं होतं! जे हवं होतं ते न फोडता, न मागता, हातात आलं होतं. शहाणा माणूस तिथंच थांबला असता. प्रल्हादरावसुद्धा म्हणाले, "माहा नारळ देवापाशीच राहू द्या. भाऊचा एकच फोडू."

पण मग त्यांचा सडका नारळ फुटणार कसा? मला मूठ नको होती हो. मला त्यांचा चेहरा बघायचा होता! मी छाती काढून पुढे झालो.

"नाही मामाजी! ठरलं म्हणजे ठरलं. दोन्ही नारळ फुटलेच पाहिजेत. न्याय झाला पाहिजे!"

"काऊन हट्ट करून राह्यले?" सुनंदा रडवेल्या आवाजात म्हणाली. "आयका ना!"

"दोन्ही!" मी गरजलो.

आधी मी फोडला. एकाच टोल्यात दोन सारख्या वाट्या! पांढरंशुभ्र खोबरं, गोड पाणी. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सुनंदानं पदर डोळ्यांना लावला. मी मागे वळून प्रल्हादरावांकडे बघितलं आणि सवय नसल्यामुळे जरा वाकडंच हसलो. "आता तुम्ही. फोडा!"

त्यांनी लाल दोऱ्याचा नारळ उचलला, कपाळाला लावला आणि दगडावर हाणला. मी आधीच नाकावर रुमाल धरून ठेवला होता.

वास आलाच नाही. मग मामीजींचा आवाज आला, "मा माय! फूल!"

मी रुमाल खाली केला. प्रल्हादरावांच्या ओंजळीत, करवंटीच्या मधोमध, पिवळसर पांढरा, मऊ, टपोरा, पेरूएवढा गोळा बसला होता. नारळातलं फूल! ज्याच्या नारळात हे निघतं त्याचं नशीब उघडतं असं म्हणतात. आमच्याकडची म्हातारी माणसं ते आयुष्यात एखाद्या वेळी बघतात आणि मग मरेपर्यंत सांगतात. विहिरीभोवतीची माणसं पुढे सरकली. बायांनी कुंकू वाहिलं. मामाजींनी पागोटं काढून हात जोडले.

"प्रल्हादराव," ते म्हणाले, "धन्य तुमचा हातगुण!"

गोळा. तो गोळा! माझा गोळा!

आणि हा सज्जन माणूस ते फूल ओंजळीत घेऊन कुठं आला असेल? माझ्याकडे! सगळ्यांमधून वाट काढत, डोळ्यांत पाणी आणून.

"घ्या भाऊ. हे तुमीच खा. देवाचा इशारा हाय. तुमच्या डोक्यातला गोळा याच्यानं विरघळून जाईन."

"कुठला गोळा?"

सुनंदाला राहवलं नाही. तिनं पदराखालून फिल्म काढली आणि हुंदका दिला. "आता लपवू नका जी! आमी पाह्यला तुमच्या डोक्याचा फोटो!"

मी फिल्मकडे बघितलं. मग प्रल्हादरावांच्या हातातल्या फुलाकडे. अजूनही वेळ होती. गप्प बसून फूल खाल्लं असतं तर मूठ माझी, साय माझी, छत्रीही माझी! पण मत्सर माणसाला गप्प बसू देतो होय!

"अगं ते माझं डोकं नाही!" मी ओरडलो. "तो नारळ आहे! हाच नारळ! मी आणला, मी तपासला, हे फूल माझं आहे! हा बघा पुरावा!"

मामाजींनी फिल्म घेतली, उन्हाकडे धरली. एकदा फिल्म, एकदा फूल, एकदा माझ्या केसांचा झुबका, असं तीन ठिकाणी बघितलं.

"म्हंजे हा नारळ तुमचा?"

"माझाच!"

"आन् यात गोळा हाय हे तुमाले माहीत व्हतं?"

"आधीपासून!"

"मंग हा प्रल्हादरावाच्या हातात कसा आला, जवाईबुवा?"

मी सोलरच्या पाट्या मोजायला लागलो.

प्रल्हादरावांना सगळ्यात आधी उमगलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लाल दोऱ्याकडे बघितलं, आणि (मी सांगतो ना, बघवत नाही असा सज्जन!) मोठ्यानं म्हणाले, "माह्याच हातून बदलला असंन बाप्पा. नमस्कार करताना."

त्यापेक्षा त्यांनी मला विहिरीत ढकललं असतं तर बरं झालं असतं!

मामाजी गालातल्या गालात हसले. फिल्म माझ्या हातात देत म्हणाले, "असं करा. मूठ प्रल्हादराव धरतीन. तुमी फोटो धरा."

पेरणी झाली, मूठ त्यांनीच धरली आणि यंदाचं सोयाबीन तुम्ही येऊन बघा, कमरेला लागतंय. पण त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. वाटलं ते मामीजींचं. माझ्या सासूबाईंना नारळाशी, मुठीशी, कोणी कोणाला फसवलं याच्याशी काहीच घेणं नव्हतं. जावई मरणाच्या दारातून परत आला, एवढंच त्यांनी धरून ठेवलं. त्यांनी तिथल्या तिथं साखरेचा डबा मागवला आणि जमलेल्या एकेका माणसाच्या हातावर साखर ठेवत, आनंदानं रडत, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत सुटल्या:

"घ्या हो, तोंड गोड करा! आमच्या मोठ्या जवायाच्या डोक्यात काहीच नाही!"

अख्ख्या देऊळघाटात त्यांना कोणी पुरावा मागितला नाही.